ड्रेकचे बेन मॅककॉलम आयोवाला जाणार का?

बँकशॉट – २१ मार्च २०२५

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत काल विचिटात ड्रेकने मिझूरीला ६७-५७ असं हरवलं. अकरावं मानांकन सहाव्याला भारी पडलं, आणि सामना पाहताना ड्रेक लहान कॉलेज आहे असं एकदाही वाटलं नाही. मोसमातला हा त्यांचा ३१ वा विजय, पराभव फक्त ३. नोव्हेंबरमध्ये चार्ल्स्टनच्या स्पर्धेत त्यांनी मायामी आणि व्हँडरबिल्टला हरवलं होतं, डिसेंबरमध्ये कॅन्सस स्टेटला. म्हणजे हा एका रात्रीचा चमत्कार नाही.

आता मुद्द्याचं. १४ मार्चला आयोवाने प्रशिक्षक फ्रॅन मॅकॅफ्री यांना दूर केलं. २०१० पासून ते तिथे होते, यंदा संघ १७-१६ वर थांबला. ड्रेकचे प्रशिक्षक बेन मॅककॉलम यांचा जन्म आयोवा सिटीचा, बालपण त्याच राज्यातल्या स्टॉर्म लेकमध्ये. ड्रेकला येण्याआधी नॉर्थवेस्ट मिझूरी स्टेटला १५ मोसम आणि दुसऱ्या विभागाची (खालच्या स्तराची) चार विजेतेपदं: २०१७, २०१९, २०२१, २०२२. त्यातलं २०१९ तर ३८-० असं. ड्रेकमधला हा त्यांचा पहिलाच मोसम आहे.

नव्या वाचकांसाठी: बिग टेन, एसईसी, बिग ट्वेल्व्ह, एसीसी, बिग ईस्ट या श्रीमंत कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या गटांच्या) बाहेरच्या कॉलेजांना ढोबळमानाने मिड-मेजर म्हणतात. ड्रेक मिझूरी व्हॅली कॉन्फरन्समध्ये, म्हणजे थोडक्यात व्हॅलीत, खेळतं; आयोवा बिग टेनमध्ये.

प्रशिक्षक जाणार की राहणार, हे नेमकं कशावर ठरतं यावर बोलूया. 'पैसे जास्त मिळतात म्हणून जातात' एवढंच उत्तर मला अपुरं वाटतं.

शॉटक्लॉक – २१ मार्च २०२५

जाणार. पैशाचा मुद्दा बरोबर आहे, पण लोक चुकीच्या पैशाकडे बघतात. प्रशिक्षकाचा पगार ही आता दुय्यम बाब आहे. खरा प्रश्न खेळाडूंवर खर्च करायला किती मिळणार हा आहे.

हाउस खटल्याच्या तडजोडीला ऑक्टोबरमध्ये प्राथमिक मंजुरी मिळाली आहे, अंतिम सुनावणी एप्रिलमध्ये आहे. ती पार पडली की १ जुलैपासून कॉलेजं स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देतील. सगळ्या खेळांची मिळून वार्षिक मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. बिग टेनचा टीव्ही करार सात वर्षांसाठी ७०० कोटी डॉलरहून मोठा आहे, त्यामुळे आयोवाला ही मर्यादा गाठणं जमेल. फुटबॉल त्यातला मोठा वाटा घेईल, तरी बास्केटबॉलला जे उरेल ते व्हॅलीतल्या कुठल्याही कॉलेजच्या आवाक्याबाहेरचं असेल.

म्हणून मुलाखतीत प्रशिक्षक आज पहिला प्रश्न विचारतो तो खेळाडूंच्या रकमेचा. दुसरा, ती रक्कम करारात लिहून मिळणार की नुसती तोंडी. तिसरा, सहप्रशिक्षकांच्या पगारासाठी वेगळा निधी किती. स्वतःच्या पगाराची गोष्ट त्यानंतर.

हार्डवुड – २१ मार्च २०२५

मी विरुद्ध बाजू घेतो. मार्क फ्यू १९९९ पासून गोंझागातच आहेत. स्वतः ओरेगनचे, ओरेगन विद्यापीठात शिकलेले, तरी गोंझागाचं शहर स्पोकेन सोडलं नाही. २०१७ आणि २०२१ अशा दोन अंतिम फेऱ्या खेळले. डेव्हिडसनला बॉब मकिलप १९८९ ते २०२२ राहिले. स्टेफन करीच्या संघाने २००८ मध्ये कॅन्ससला शेवटच्या चेंडूपर्यंत झुंजवलं, ५९-५७ असा सामना गेला, त्यानंतरही ते १४ वर्षं तिथेच होते.

उलट घाईने गेलेल्यांचं बघा. फ्यूंच्या आधी गोंझागाला डॅन मॉन्सन होते. १९९९ मध्ये त्यांनी संघ शेवटच्या आठांत नेला आणि लगेच मिनेसोटाला गेले. मिनेसोटा तेव्हा अभ्यासातल्या गैरप्रकारांच्या चौकशीत अडकलं होतं, २००६ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना पद सोडावं लागलं. टोबिन अँडरसन यांच्या फेअरली डिकिन्सनने २०२३ मध्ये पर्ड्यूला ६३-५८ हरवलं, सोळाव्या मानांकनाने पहिल्याला हरवण्याची ती दुसरीच वेळ. काही दिवसांत ते आयोनाला गेले आणि दोन मोसमांत नोकरी गेली.

मॅककॉलम १५ मोसम नॉर्थवेस्ट मिझूरीच्या मेरीव्हिलसारख्या छोट्या गावात राहिले आहेत. दर वर्षी उडी मारणारा हा माणूस नाही.

शॉटक्लॉक – २२ मार्च २०२५

@हार्डवुड, उदाहरणं सगळी खरी आहेत, पण त्यातला काळ निसटतो आहे.

गोंझागाने फ्यू टिकवले ते नुसत्या आपुलकीवर नाही. २००४ मध्ये ६,००० आसनांचं नवं मैदान बांधलं, प्रवासाला खास विमानं दिली, कॉन्फरन्सपेक्षा कितीतरी मोठा खर्च केला. देशभर फिरून मोठ्या संघांशी खेळायचं वेळापत्रक उभं केलं. व्हॅलीतल्या कॉलेजला हे जमवायला पंधरा-वीस वर्षं लागतील.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पूर्वी थांबण्याचा अर्थ 'आपला संघ टिकवणं' असा होता. बटलर २०१० चा अंतिम सामना ड्यूककडून ६१-५९ हरलं. गॉर्डन हेवर्ड एनबीएत गेला, पण शेल्विन मॅक आणि मॅट हॉवर्ड राहिले आणि ब्रॅड स्टीव्हन्स २०११ ला पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले. तेव्हा दुसऱ्या कॉलेजात गेलं की एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ पासून पहिल्या बदलीला ती अट उरली नाही आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा बदलू शकतो.

ड्रेकच्या बेनेट स्टर्ट्झचंच घ्या. सामन्याला १९ च्या वर गुण, जवळपास पूर्ण ४० मिनिटं मैदानात, व्हॅलीचा सर्वोत्तम खेळाडू, आणि अजून एक वर्ष शिल्लक. मॅककॉलम ड्रेकला राहिले तरी स्टर्ट्झला बाहेरून प्रस्ताव येणारच. म्हणजे थांबूनही एप्रिलमध्ये संघ नव्याने बांधायचा आहे. नव्याने बांधायचाच असेल तर जास्त पैसे असलेल्या ठिकाणी का बांधू नये, असा विचार कोणीही करील.

हार्डवुड – २२ मार्च २०२५

संघ टिकवल्याचं अलीकडचं उदाहरणही आहे. फ्लोरिडा अटलांटिक २०२३ मध्ये शेवटच्या चारांत गेलं, सॅन डिएगो स्टेटच्या लॅमॉन्ट बटलरने अखेरच्या क्षणी टाकलेल्या शॉटवर ७२-७१ हरलं. डस्टी मे थांबले, जवळपास सगळे मुख्य खेळाडू परत आले.

शॉटक्लॉक – २२ मार्च २०२५

आणि पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत नॉर्थवेस्टर्नने त्यांना जादा वेळेत हरवलं. मे त्याच महिन्यात मिशिगनला गेले, उंच सेंटर व्लाद गोल्डिन त्यांच्यामागून गेला. मिशिगन त्याआधी ८-२४ होतं, यंदा त्यांनी बिग टेनची स्पर्धा जिंकली. एक वर्ष थांबल्याने मे यांचं फार नुकसान झालं नाही, पण तिथे जो जुगार खेळला गेला तो दर वर्षी खेळता येत नाही.

करारनामा – २२ मार्च २०२५

इथे अजून कोणी बायआउटचा (करार मोडून जाताना द्यायच्या रकमेचा) विषय काढला नाही. कुणी 'नुकताच नवा करार केला, आता कुठे जातोय' असं म्हटलं की तिकडे दुर्लक्ष करा. नेट ओट्स यांनी २०१९ च्या मार्चमध्ये बफेलोशी करार वाढवला आणि त्याच महिन्यात अलाबामाला गेले. मुदतवाढ प्रशिक्षकाला बांधत नाही, सोडून जाण्याची किंमत तेवढी ठरवते.

करार वाचताना पुढच्या गोष्टी बघाव्यात.

सोडून गेल्यास द्यायची रक्कम ठरावीक आहे की उरलेल्या वर्षांच्या पगाराच्या टक्केवारीत. ती कोणत्या तारखेला कमी होते. बऱ्याच करारांत ३१ मार्च किंवा ३० एप्रिलनंतर पायरी खाली येते, आणि नेमणूक रखडलेली दिसते तेव्हा कारण कधी कधी एवढंच असतं. प्रशिक्षकाच्या स्वतःच्या जुन्या कॉलेजसाठी सूट आहे का. त्याच कॉन्फरन्समधल्या कॉलेजला गेल्यास रक्कम वाढते का. शेवटची बाब, पुढील काही वर्षांत नव्या कॉलेजने जुन्याशी सामना खेळायचा अशी अट आहे का. लहान कॉलेजला हे कलम रोख रकमेइतकंच उपयोगी पडतं, कारण मोठे संघ एरवी त्यांच्या मैदानावर येतच नाहीत.

सरकारी विद्यापीठाचा करार माहिती अधिकारासारख्या राज्य कायद्याखाली मागवता येतो. ड्रेक खासगी आहे, तिथे ती सोय नाही. त्यांच्या वार्षिक ९९० विवरणपत्रात सर्वाधिक पगाराच्या लोकांचे आकडे येतात, पण ते उशिरा आणि कलमांशिवाय. त्यामुळे मॅककॉलमच्या बायआउटचे जे आकडे फिरत आहेत त्यांवर अंदाज बांधू नका.

अनघा_डी – २२ मार्च २०२५

बायआउट भरतं कोण? प्रशिक्षक की नवं कॉलेज?

करारनामा – २२ मार्च २०२५

कागदावर देणेकरी प्रशिक्षक असतो, कारण करार त्याचा आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नवं कॉलेज भरतं. ती रक्कम प्रशिक्षकाचं उत्पन्न धरली गेली तर त्यावर कर बसतो, म्हणून चांगला वकील कराचा भारही नव्या कॉलेजवर टाकणारं कलम घालून घेतो. हे विसरलं तर लाखो डॉलर खिशातून जातात.

भांडण झाल्याचं ठळक उदाहरण जॉन बायलाइन. २००७ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया सोडून मिशिगनला गेले तेव्हा २५ लाख डॉलरचा बायआउट होता. वाद झाला आणि १५ लाखांवर मिटला: १० लाख मिशिगनने, ५ लाख बायलाइन यांनी स्वतः.

पिकअँडरोल – २२ मार्च २०२५

करार आणि पैसा ठीक, पण त्यांचा खेळ मोठ्या कॉन्फरन्समध्ये चालेल का? निवड समितीने हेच आधी बघायला हवं.

ड्रेक देशातल्या सर्वांत संथ संघांपैकी आहे. ३० सेकंदांच्या शॉटक्लॉकचा (शॉट घेण्याच्या मुदतीचा) शेवटचा भाग येईपर्यंत चेंडू फिरतो, स्टर्ट्झ बॉल-स्क्रीन (सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवणं) वापरतो, पहिली स्क्रीन फुकट गेली तर दुसरी, मग तिसरी. सामन्यात चेंडूचा ताबा कमी वेळा मिळाला की गुणवत्तेतला फरक कमी वेळा जाणवतो, हा दुबळ्या संघाचा जुना उपाय आहे. म्हणून शंका रास्त आहे: खेळाडू तगडे मिळाले तरी हे उपयोगी राहील का?

मला वाटतं राहील. ही पद्धत प्रतिस्पर्ध्याच्या घाबरण्यावर चालत नाही. शाका स्मार्ट यांचा व्हीसीयू संघ २०११ मध्ये पात्रता फेरीपासून थेट शेवटच्या चारांत गेला तो पूर्ण मैदानभर दबाव टाकून. लहान कॉलेजचे चेंडू हाताळणारे खेळाडू त्या दबावाखाली कोलमडायचे. स्मार्ट यांनी इलिनॉयला नकार दिला, चार वर्षं थांबले, २०१५ मध्ये टेक्ससला गेले. तिथे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याकडे दोन-तीन कसलेले गार्ड. दाब सोडून द्यावा लागला, उंच आणि एनबीएकडे डोळे लागलेल्या मुलांना घेऊन अर्ध्या मैदानाचा खेळ बसवावा लागला. सहा वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेत एकही विजय नाही. शेवटचा पराभव ॲबिलीन ख्रिश्चनकडून ५३-५२. तोच माणूस मार्केटला गेला, जिथे त्याला हवे तसे खेळाडू निवडता आले, आणि २०२३ मध्ये बिग ईस्टची दोन्ही विजेतेपदं मिळवली. प्रशिक्षक बदलला नव्हता, जागा जुळली नव्हती.

मॅककॉलमची पद्धत निर्णयक्षमतेवर उभी आहे. ड्रेकच्या सुरुवातीच्या पाचांतले चार खेळाडू गेल्या वर्षी दुसऱ्या विभागात खेळत होते: स्टर्ट्झ, मिच मस्करी, डॅनियल अब्रेऊ, आयझाया जॅक्सन. त्यांनी एसईसीतल्या मिझूरीला दहा गुणांनी हरवलं. यापेक्षा स्पष्ट चाचणी कुठली हवी?

खरी अडचण बचावात येईल. बिग टेनमध्ये सात फुटी सेंटर नियमित भेटतात आणि असे २० सामने असतात. ड्रेकसारखा लहान उंचीचा संघ तिथे रिबाउंडमध्ये (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्यात) मार खाईल. त्यामुळे पहिली खरेदी उंच खेळाडूची करावी लागेल.

बँकशॉट – २३ मार्च २०२५

काल ड्रेक टेक्सस टेककडून ७७-६४ असं हरलं. ड्रेक ३१-४ वर थांबलं. टेक्सस टेकचे ग्रँट मॅकॅसलंड स्वतः २०२३ मध्ये नॉर्थ टेक्ससहून आलेले, म्हणजे समोर उभा होता तो याच वाटेने आलेला प्रशिक्षक. आता तारखा बघा.

ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) उद्या, सोमवारी २४ तारखेला उघडतं आणि २२ एप्रिलला बंद होतं. यंदाच्या नियमाप्रमाणे प्रशिक्षक बदलला तर त्या कॉलेजच्या खेळाडूंना त्या दिवसापासून वेगळे ३० दिवस मिळतात. उद्यापर्यंत आयोवाने प्रशिक्षक नेमला नाही तर त्यांच्या खेळाडूंना सांगायला कोणी नाही, आणि बाहेरच्यांना विचारायलाही कोणी नाही. मॅकॅफ्री यांना १४ लाच दूर करण्यामागे हेच गणित असावं. निर्णय ४८ तासांत येईल असं वाटतं.

इंडियानाने मंगळवारीच वेस्ट व्हर्जिनियाकडून डेरियन डेव्हरीस यांना उचललं. ते २०२४ पर्यंत ड्रेकला होते. यंदाची शर्यत किती वेगाची आहे हे त्यावरून कळतं.

हार्डवुड – २३ मार्च २०२५

एक प्रश्न तरी उरतोच. आयोवा १९९९ नंतर एकदाही शेवटच्या सोळांत गेलेलं नाही. ड्रेकमध्ये राहून हे लवकर साधलं असतं असं मला अजून वाटतं.

शॉटक्लॉक – २३ मार्च २०२५

व्हॅलीतून तिथे पोहोचायला आधी स्पर्धेत शिरावं लागतं. इंडियाना स्टेट गेल्या वर्षी २८-६ होतं, निवडीसाठी वापरल्या जाणाऱ्या नेट क्रमवारीत पहिल्या तिसांत. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून हरलं आणि निमंत्रण मिळालंच नाही. कारण वेळापत्रक. पहिल्या प्रतीचा विजय धरायचा तर घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधला संघ, तटस्थ ठिकाणी पहिल्या ५० मधला, बाहेर पहिल्या ७५ मधला हवा. जानेवारी ते मार्च व्हॅलीत असे सामने जवळपास नसतात, आणि नोव्हेंबरमध्ये मोठे संघ चांगल्या मिड-मेजरशी खेळायचं टाळतात. ३० विजय मिळवूनही सेंट लुइसला होणाऱ्या व्हॅलीच्या स्पर्धेच्या चार दिवसांत एक वाईट रात्र आली की वर्ष गेलं. बिग टेनमध्ये २० विजयांवर आत जाता येतं. प्रशिक्षकाच्या दृष्टीने हा फरक पगाराइतकाच मोठा आहे.

बँकशॉट – २४ मार्च २०२५

बातमी पक्की. आयोवाने मॅककॉलम यांची नेमणूक जाहीर केली. आजच मिनेसोटाने कोलोराडो स्टेटचे निको मेडवेड घेतले, तेही मिनेसोटाचेच. शनिवारी व्हर्जिनियाने व्हीसीयूचे रायन ओडम. घरच्या राज्याचं किंवा जुन्या कॉलेजचं नातं यंदा ठळक दिसतं.

हार्डवुड – २४ मार्च २०२५

वाईट वाटलं, ड्रेकच्या प्रेक्षकांसाठी जास्त. सलग दोन वर्षं तेच. नॅप सेंटरला सातेक हजार लोक भरतात, त्यांनी या संघाला वर्षभर डोक्यावर घेतलं होतं. आयोवा सिटी दोन तासांच्या अंतरावर आहे, म्हणजे आपलाच प्रशिक्षक त्यांना शेजारच्या गावात दिसत राहणार.

मैदानावर – २५ मार्च २०२५

आपल्याकडच्या वाचकांना चंद्रकांत पंडित आठवतील. मुंबईकर, पण विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ रणजी करंडक मिळवून दिले, मग मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ च्या अंतिम सामन्यात मुंबईलाच हरवलं. पण ते गेले तेव्हा विदर्भाचा संघ त्यांच्यामागे इंदूरला गेला नाही. रणजीत दुसऱ्या राज्याकडून खेळायला आपल्या संघटनेचं ना हरकत पत्र लागतं. अमेरिकी कॉलेजात आता असा अडसर नाही, त्यामुळे प्रशिक्षक गेला की कॉलेजचं नुकसान दुप्पट होतं.

करारनामा – २५ मार्च २०२५

अगदी. सेंट पीटर्सचं २०२२ बघा. पंधराव्या मानांकनावरून केंटकी, मरे स्टेट आणि पर्ड्यूला हरवून शेवटच्या आठांत. शाहीन हॉलोवे लगेच सीटन हॉलला, त्यांच्या जुन्या कॉलेजला गेले. केसी एनडेफो त्यांच्याबरोबर, डग एडर्ट ब्रायंटला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला. महिन्याभरात तो संघ उरला नाही.

ड्रेकने आता काय करावं? पहिल्या दिवशी उरलेल्या प्रत्येक खेळाडूशी क्रीडा संचालकाने स्वतः बोलावं, सहप्रशिक्षकावर सोपवू नये, कारण सहप्रशिक्षक बहुधा जाणाऱ्याबरोबर निघालेला असतो. प्रशिक्षक शोधून देणाऱ्या संस्थेला पैसे द्यायचेच असतील तर पार्श्वभूमी तपासण्यापुरते द्यावेत. तीन-चार नावांची यादी मोसम चालू असतानाच तयार हवी. नेमणूक आठवड्याच्या आत. उमेदवार शक्यतो असा, ज्याने कमी पैशात, मोठ्या कॉलेजांनी न विचारलेल्या खेळाडूंमधून संघ घडवला आहे. मोठ्या कॉलेजचा नावाजलेला सहप्रशिक्षक आकर्षक दिसतो, पण त्याला खेळाडू जिंकून आणण्याची सवय असते ती मोठ्या नावाच्या जोरावर. ते नाव इथे नसतं.

स्पर्धेतून आलेल्या पैशावर मात्र कोणी फार विसंबू नये. दोन सामन्यांचे दोन युनिट (स्पर्धेच्या उत्पन्नातले वाटे) झाले, प्रत्येकाचे सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर. पण ते व्हॅलीकडे जातात आणि तिथून १२ कॉलेजांत वाटले जातात.

पिकअँडरोल – ३० मार्च २०२५

ड्रेकने साउथ डकोटा स्टेटचे एरिक हेंडरसन घेतले. वर @करारनामा यांनी सांगितलेलं वर्णन बरोबर बसतं. २०२२ मध्ये त्यांचा संघ समिट लीगमध्ये १८-० होता. त्यांना तिथलं मुख्यपद २०१९ मध्ये मिळालं कारण टी. जे. ऑट्झेलबर्गर यूएनएलव्हीला गेले. ऑट्झेलबर्गर आज आयोवा स्टेटला आहेत. दक्षिण डकोटातलं एक कॉलेज आयोवातल्या दोन बाकांना प्रशिक्षक पुरवतंय.

यंदाची दुसरी साखळी याहून लांब आहे: टेक्ससने झेवियरहून शॉन मिलर घेतले, झेवियरने न्यू मेक्सिकोहून रिचर्ड पिटिनो, न्यू मेक्सिकोने यूसी सॅन डिएगोहून एरिक ओलन. वर एक खुर्ची हलली आणि खाली तीन कॉलेजांचे खेळाडू पोर्टलमध्ये.

हार्डवुड – २७ एप्रिल २०२५

स्टर्ट्झसह ड्रेकचे बरेच जण आयोवाला गेले. @शॉटक्लॉक, संघ टिकवण्याबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. फक्त एवढं सांगतो की हे खेळाडू पैशापेक्षा माणसामागे गेले. स्टर्ट्झसाठी मॅककॉलमबरोबरचं हे तिसरं कॉलेज आहे.

शॉटक्लॉक – २७ एप्रिल २०२५

ते मलाही पटतं, आणि हेंडरसन यांच्या करारात ड्रेकने याचाच विचार करायला हवा. बायआउटची रक्कम पहिल्या दोन वर्षांत चढी ठेवावी. प्रशिक्षक गेल्यास नव्या कॉलेजने ड्रेकच्या शहरी, डेमॉइनला येऊन एक सामना खेळायचा, हे कलम घालावं. त्याशिवाय खेळाडूंसाठीची रक्कम दर वर्षी किती वाढवणार ते कागदावर द्यावं. ती आयोवाच्या जवळपासही जाणार नाही, पण व्हॅलीत पहिल्या दोनांत राहिली तरी प्रशिक्षकाला आणखी एक मोसम थांबायला कारण मिळतं.